आर्क्टिकचा बर्फ घरबसल्या बघायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ रोज मोजला जातो. ते आकडे, नकाशे आणि उपग्रहांची छायाचित्रं जवळजवळ सगळी फुकट बघायला मिळतात. गोंधळ पुढे होतो. तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात, एक आलेख घसरलेला असतो तर दुसरा सपाट, आणि नवख्या माणसाला वाटतं की कुणीतरी चुकतंय. बहुतेक वेळा कुणीच चुकत नसतं. रोज सकाळी हे आलेख उघडून बसणाऱ्यांपैकी मी एक आहे. लोक मला जे प्रश्न विचारतात, आणि जे सुरुवातीला मलाही पडले होते, ते इथे एकत्र केले आहेत.

सुरुवात कुठून करू? एकच ठिकाण सांगा.

अमेरिकेतल्या बोल्डर शहरातलं नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर, म्हणजे एनएसआयडीसी. तिथे 'सी आइस टुडे' नावाचं पान आहे आणि त्याला जोडून 'चार्क्टिक' हा हलवता-बदलता येणारा आलेख. आडव्या अक्षावर वर्षाचे दिवस, उभ्या अक्षावर बर्फाची व्याप्ती, म्हणजे बर्फ किती समुद्रावर पसरलाय तो आकडा. मधली करडी रेषा म्हणजे १९८१ ते २०१० या तीस वर्षांचा मध्यक, आणि तिच्याभोवतीचा पट्टा म्हणजे त्या वर्षांमधला नेहमीचा चढउतार.

पहिल्या दिवशी दुसरं काही करू नका. सगळी वर्षं एकेक करून चालू-बंद करा. मार्चमध्ये बर्फ साधारण दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास जातो आणि सप्टेंबरच्या मध्याला तळ गाठतो, हे डोळ्यांत बसू द्या. मग २०१२ ची रेषा लावा. ऑगस्टमध्ये ती बाकीच्यांपासून कशी सुटते ते बघितलं की या छंदाची लागण झालीच म्हणून समजा.

एकाच दिवसाचा आकडा दोन ठिकाणी वेगळा का येतो?

कारण दोन्ही ठिकाणी बघणारा डोळा वेगळा आहे आणि मोजायचा नियमही थोडा वेगळा आहे.

२०१२ चा सप्टेंबर घ्या. तो आजवरचा नीचांक आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण एनएसआयडीसीच्या हिशेबात तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि जपानच्या जॅक्सा या अंतराळ संस्थेच्या हिशेबात ३२ लाखांच्या आसपास. दोन लाख चौरस किलोमीटर म्हणजे काही किरकोळ फरक नव्हे. पण तो बर्फातला फरक नाही, मोजमापातला आहे. एनएसआयडीसीची जुनी मालिका सुमारे २५ किलोमीटरच्या चौकोनांवर बेतलेली आहे. जॅक्सा ज्या एएमएसआर-२ उपकरणावरून मोजते त्याची नजर जास्त बारीक आहे. बारीक नजरेला बर्फाच्या कडेचे खाचखळगे आणि मधलं उघडं पाणी दिसतं, जाड नजर ते सगळं बर्फातच धरते. शिवाय सूत्र वेगळं, किनाऱ्याची आखणी वेगळी, आणि कुणी पाच दिवसांची सरासरी घेतो तर कुणी कमी दिवसांची.

त्यामुळे एक पथ्य पाळा: एका संस्थेचा आजचा आकडा त्याच संस्थेच्या कालच्या, गेल्या वर्षीच्या आकड्याशीच ताडून बघा. मी पहिल्या उन्हाळ्यात एकीकडचा आजचा आकडा आणि दुसरीकडचा जुना नीचांक शेजारी ठेवून चांगलाच हादरलो होतो. दुपारपर्यंत चूक कळली, पण तोवर चार जणांना सांगून झालं होतं.

व्याप्ती आणि क्षेत्रफळ हे एकच ना?

नाही, आणि बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

समुद्राचे चौकोन पाडले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक चौकोन ढोबळमानाने ६२५ चौरस किलोमीटरचा. एखाद्या चौकोनात २० टक्के बर्फ आणि ८० टक्के पाणी असेल, तर व्याप्तीच्या हिशेबात तो अख्खा चौकोन 'बर्फाचा' धरला जातो, म्हणजे पूर्ण ६२५. क्षेत्रफळाच्या हिशेबात फक्त १२५. उंबरठा १५ टक्क्यांचा आहे. चौकोनात १४ टक्के बर्फ असेल तर व्याप्तीत त्याची किंमत शून्य.

मग क्षेत्रफळच जास्त खरं नाही का? वाटतं तसं, पण उन्हाळ्यात एक भानगड होते. बर्फावरचं हिम वितळून वरच पाण्याची तळी साचतात. खाली दीड-दोन मीटर भक्कम बर्फ असतो, पण उपग्रहाला वरचं पाणी दिसतं आणि तो तेवढा भाग समुद्र म्हणून मोजतो. जून-जुलैमध्ये क्षेत्रफळाचा आकडा त्यामुळे खऱ्यापेक्षा कमी येतो. व्याप्तीला या फसवणुकीचा त्रास कमी, कारण १५ टक्क्यांचा उंबरठा बहुतेक चौकोन तरीही ओलांडतात.

व्याप्तीचीही खोड आहे. वाऱ्याने विखुरलेला बर्फ एका बाजूला ढकलला, तर एक तुकडाही न वितळता व्याप्ती घटते. उलट दिशेचा वारा तोच बर्फ पसरवून आकडा फुगवतो. म्हणून जमलं तर दोन्ही बघावेत. क्षेत्रफळाला व्याप्तीने भागलं की बर्फ किती दाट आहे याचा अंदाज येतो, आणि मला स्वतःला जुलै-ऑगस्टमध्ये हे गुणोत्तर नुसत्या व्याप्तीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

वर ढग आणि हिवाळाभर रात्र, मग उपग्रहाला दिसतं कसं?

तो प्रकाश बघतच नाही. प्रत्येक वस्तू स्वतःहून थोड्या सूक्ष्मलहरी सोडत असते. ठरावीक कंप्रतांवर बर्फ त्या जास्त सोडतो आणि खारं पाणी कमी. त्यामुळे अंधार असो की मळभ, बर्फ आणि पाणी वेगळे ओळखू येतात. १९ आणि ३७ गिगाहर्ट्झच्या लहरींना ढगांचा फारसा अडथळा होत नाही, पण त्यांचं चित्र जाडंभरडं येतं. ८९ गिगाहर्ट्झवर चित्र बारीक येतं, पण दमट ढग आणि वादळं त्यात लुडबुड करतात. ब्रेमेन विद्यापीठाचे रोजचे सुंदर नकाशे या ८९ गिगाहर्ट्झवरूनच काढलेले असतात. तिथे खुल्या समुद्रात अचानक बर्फाचा ठिपका उगवला आणि दुसऱ्या दिवशी गायब झाला, तर तो बहुधा ढगाचा खेळ असतो.

अशी सलग नोंद ऑक्टोबर १९७८ पासून मिळते. निंबस-७ उपग्रह तेव्हा वर गेला. त्याचं उपकरण एक दिवसाआड मोजमाप घ्यायचं. १९८७ पासून अमेरिकी लष्कराच्या हवामान उपग्रहांमुळे रोजची नोंद सुरू झाली. २००२ ते २०११ जपानी बनावटीचं एएमएसआर-ई होतं, २०१२ पासून एएमएसआर-२ आहे.

जाता जाता एक गंमत. हे उपग्रह बरोबर ध्रुवावरून जात नाहीत, त्यामुळे नकाशाच्या मध्यभागी न मोजलेलं एक भोक राहतं. निंबसच्या काळात ते सुमारे १२ लाख चौरस किलोमीटरचं होतं, पुढे ते लहान लहान होत गेलं. व्याप्ती काढताना ते भोक बर्फाने भरलेलं आहे असंच धरतात. क्षेत्रफळाच्या काही जुन्या मालिकांत मात्र ते वगळलेलं असतं. १९८७ च्या आसपास क्षेत्रफळ एकदम 'वाढलेलं' दिसलं तर कारण हे.

आकडे नकोत, मला खरा बर्फ बघायचाय.

मग नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडा. वरच्या पट्टीतून आर्क्टिक प्रक्षेपण, म्हणजे ध्रुव मध्यभागी असलेली नकाशाची मांडणी निवडा, नाहीतर ध्रुव चपटा होऊन वरच्या कडेला चिकटतो आणि काहीच उमगत नाही. टेरा उपग्रहाची चित्रं २००० सालापासून आहेत, त्यामुळे एकाच तारखेचा एकाच जागेचा वीस-पंचवीस वर्षांचा अल्बम चाळता येतो.

पहिल्यांदा निराशा होईल, कारण सगळं पांढरंच दिसतं. ढग पांढरे, हिम पांढरं, बर्फही पांढरा. इथे खोट्या रंगांचे थर कामी येतात. ३-६-७ या तरंगलांबीच्या पट्ट्यांच्या चित्रात बर्फ लालसर-नारिंगी दिसतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे राहतात. ७-२-१ मध्ये बर्फ निळसर-हिरवा होतो. जुलैमध्ये ७-२-१ लावून बघा. वितळपाणी साचलेला बर्फ गडद निळ्याकडे झुकतो, आणि काही दिवसांत हा गडदपणा किनाऱ्याकडून आत कसा सरकतो ते दिसतं.

दुसरी युक्ती पोत बघण्याची. अनुभवी डोळा ढग आणि बर्फ यांत पोतावरून फरक करतो. बर्फाला भेगा असतात, कडा असतात, आणि दोन दिवसांच्या चित्रांत तोच तुकडा पुन्हा ओळखता येतो. ढग दुसऱ्या दिवशी तिथे नसतो. म्हणून एकच चित्र बघून निष्कर्ष काढू नका, तारखेचा बाण मागेपुढे दाबत राहा.

ढगांचा कंटाळा आला तर सेंटिनेल-१. हा युरोपचा रडार उपग्रह आहे. तो स्वतः लहर सोडतो आणि परतलेली टिपतो, त्यामुळे त्याला ना ढगांची अडचण ना रात्रीची. कॉपर्निकस ब्राउझरवर त्याची चित्रं मिळतात. रडारचं चित्र वाचायला वेगळी सवय लागते. वाऱ्याने खवळलेलं पाणी उजळ दिसू शकतं आणि गुळगुळीत नवा बर्फ काळा, म्हणजे अंदाजाच्या बरोबर उलट. हे माहीत नसेल तर माणूस बर्फाला पाणी समजून बसतो.

जाडी कशी कळते?

कष्टाने कळते, आणि जी कळते ती अंदाजानेच.

क्रायोसॅट-२ हा युरोपचा उपग्रह २०१० पासून रडारने आणि आइससॅट-२ हा नासाचा उपग्रह २०१८ पासून लेझरने बर्फाचा पाण्यावर डोकावणारा भाग मोजतात. हा भाग एकूण जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो. त्यावरून पूर्ण जाडी काढायची म्हणजे मोजमापातली चूकही तितक्याच पटीने वाढणार. त्यात वर हिम किती साचलंय ते नक्की ठाऊक नसतं. उन्हाळ्यात वितळपाण्याची तळी रडारला चकवतात, म्हणून क्रायोसॅटचे नेहमीचे जाडीचे नकाशे ऑक्टोबर ते एप्रिलपुरतेच असतात. अगदी पातळ बर्फासाठी एसएमओएस हा वेगळा उपग्रह आहे. जर्मनीचं आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट क्रायोसॅट आणि एसएमओएसची सांगड घालून हिवाळ्यात दर आठवड्याचा नकाशा काढतं. पातळ बर्फासाठी एक डोळा, जाड बर्फासाठी दुसरा.

वर्षभराचं घनफळ हवं असेल तर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पोलर सायन्स सेंटरचं पायोमास. हे मोजमाप नव्हे, संगणकावरचं प्रारूप आहे, पण त्याला प्रत्यक्ष निरीक्षणांचा लगाम लावलेला असतो. त्याची मालिका १९७९ पासून आहे. त्यानुसार १९७९ च्या सप्टेंबरमधला तळ १६,००० घन किलोमीटरच्या वर होता, २०१२ चा साधारण ३,७००. व्याप्ती त्याच काळात निम्म्याच्या आसपास आली, घनफळ मात्र पाव हिश्श्याच्याही खाली गेलं. वरून तेवढाच पसरलेला दिसणारा बर्फ आतून किती पोकळ झालाय, हे या दोन आलेखांना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

ध्रुवावर आत्ता तापमान किती आहे?

डेन्मार्कच्या हवामान संस्थेचा, डीएमआयचा, ८० अंश उत्तरेपलीकडच्या सरासरी तापमानाचा आलेख सगळ्यात प्रसिद्ध. १९५८ पासूनची प्रत्येक वर्षाची रेषा तिथे मिळते. अक्षावर केल्व्हिन दिसलं तर दचकू नका, २७३.१५ म्हणजे शून्य सेल्सिअस.

हा आलेख वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. उन्हाळ्यात रेषा शून्याच्या जरा वर येऊन जणू छताला टेकते आणि दरवर्षी तिथेच राहते. 'उन्हाळ्यात काहीच तापलं नाही' असा अर्थ काढणारे मला नेहमी भेटतात. बर्फ वितळत असेपर्यंत आलेली उष्णता वितळवण्यात खर्च होते आणि वरची हवा शून्यापासून फार हलू शकत नाही. पाण्यात बर्फाचे खडे असेपर्यंत पेला गार राहतो, तसंच. खरा बदल हिवाळ्यातल्या रेषेत दिसतो, तिथे उसळ्या दहा-पंधरा अंशांच्याही असतात. दुसरी गोष्ट म्हणजे ही सरासरी अक्षांश-रेखांशाच्या समान चौकोनांवर काढतात. ध्रुवाजवळ रेखांश एकवटतात, त्यामुळे ध्रुवालगतच्या छोट्याशा भागाला वाजवीपेक्षा फार जास्त वजन मिळतं. म्हणून हा आलेख आख्ख्या आर्क्टिकचा नाही, ध्रुवाच्या परिसराचा समजावा.

पूर्ण आर्क्टिकचं चित्र हवं असेल तर मेन विद्यापीठाच्या क्लायमेट रीअ‍ॅनालायझरवर आर्क्टिक विभाग निवडा. आजचं तापमान सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे ते रंगांतून दिसतं.

एखाद्या ठरावीक जागेचं तापमान बघायचं तर हवामान केंद्रं आहेत: कॅनडातलं अलर्ट आणि युरेका, अलास्कातलं उत्कियाग्विक, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचा विमानतळ, सायबेरियाच्या किनाऱ्यावरचं तिक्सी. ग्रीनलंडच्या उत्तर टोकावरच्या केप मॉरिस जेसपला फेब्रुवारी २०१८ मध्ये, ऐन ध्रुवीय रात्रीत, पारा शून्याच्या वर सहा अंशांपर्यंत गेला होता. त्या आठवड्यात ग्रीनलंडच्या उत्तरेला बर्फ किनाऱ्यापासून सुटून उघडं पाणी दिसलं होतं.

वारा आणि दाब कुठे बघू? त्याने काय कळतं?

माझ्या मते नवख्यांनी आकड्यांआधी वाराच बघावा. पुढच्या आठवड्यात आलेख कुठे वळणार याची चाहूल तिथे लागते.

'अर्थ नलस्कूल' या संकेतस्थळावर पृथ्वी बोटाने फिरवून ध्रुव समोर आणा आणि समुद्रसपाटीचा दाब लावा. अमेरिकेचं जीएफएस प्रारूप दिवसातून चार वेळा नवा अंदाज देतं. युरोपीय केंद्राचे, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफचे अंदाजही आता बऱ्याच ठिकाणी खुले मिळतात. दोघं सहमत असतील तर पाच दिवसांपर्यंत भरवसा ठेवा. दहाव्या दिवसाचा नकाशा करमणूक म्हणून बघा.

काय शोधायचं? अलास्का-कॅनडाच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रावर जास्त दाब आणि सायबेरियाच्या बाजूला कमी दाब अशी जोडी बसली, की मधून वाऱ्याचा झोत बर्फाला सायबेरियाकडून ध्रुवावरून ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधल्या फ्रॅम सामुद्रधुनीकडे ढकलतो. त्या सामुद्रधुनीतून बर्फ अटलांटिककडे निसटला की गेलाच. जास्त दाबाखाली आकाश निरभ्र असतं. जून महिन्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे ही जोडी जूनमध्ये जमली तर वितळपाणी लवकर साचतं, बर्फ गडद होतो आणि पुढचे दोन महिने ऊन जास्त पितो. २००७ च्या उन्हाळ्यात हेच झालं होतं.

बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, हे नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेनने १८९३ ते १८९६ मध्ये आपलं 'फ्रॅम' जहाज मुद्दाम बर्फात गोठवून वाहत जाताना टिपलं. बर्फ वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकत होता. त्याचं गणित पुढे स्वीडनचा शास्त्रज्ञ एकमानने मांडलं. ठोकताळा असा: बर्फाचा वेग वाऱ्याच्या सुमारे दोन टक्के, दिशा थोडी उजवीकडे. हा ठोकताळा आणि दाबाचा नकाशा एवढ्यावर बर्फाची कड उद्या कुठे असेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. अंदाज जमला की होणारा आनंद अगदी पोरकट असतो, पण असतो.

वादळांचं काय? ऑगस्ट २०१२ मध्ये एक मोठं चक्रीवादळ मध्य आर्क्टिकवर आलं होतं, केंद्रातला दाब ९६६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. आधीच पातळ झालेला विखुरलेला बर्फ त्याने घुसळला. पण प्रत्येक वादळ बर्फाच्या मुळावर येत नाही. जूनमधलं ढगाळ, थंड, कमी दाबाचं हवामान बर्फाला सावली देतं आणि वाचवतं.

तिकडे प्रत्यक्ष काही उपकरणं आहेत की सगळं वरूनच?

आहेत. इंटरनॅशनल आर्क्टिक बॉय प्रोग्रॅमच्या तरंगत्या बोया बर्फावर रोवलेल्या असतात आणि बर्फाबरोबर वाहतात. त्या आपली जागा, हवेचा दाब आणि तापमान उपग्रहामार्फत कळवतात. काही बोयांवर बर्फाच्या वरची आणि खालची पातळी मोजायची सोय असते, म्हणजे बर्फ उन्हाने वरून वितळतोय की समुद्राच्या उष्णतेने खालून, हे वेगळं कळतं. नकाशावर एका बोयेचा माग काढा. सरळ रेषेत ती क्वचितच जाते, गिरक्या घेत फिरते. तापमानावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. हिमाने बुजलेला किंवा उन्हात तापलेला तापमापक काहीही सांगतो.

नॉर्थवेस्ट पॅसेज उघडलाय का, हे कुठे बघू?

कॅनडाच्या उत्तरेच्या बेटांमधून जाणारा हा सागरी मार्ग कॅनेडियन आइस सर्व्हिसच्या तक्त्यांवर बघा. जहाजांसाठीचे हे नकाशे माणसं बसून काढतात, रडार आणि इतर चित्रं ताडून. त्यात अंड्याच्या आकाराचं एक चिन्ह असतं: वर एकूण बर्फ दहापैकी किती, खाली तो कोणत्या वयाचा, आणि तुकडे किती मोठे. एकदा ते वाचायला शिकलात की सूक्ष्मलहरींचे नकाशे बाळबोध वाटू लागतात. स्वालबार्डच्या बाजूला नॉर्वेची हवामान संस्था असेच तक्ते काढते, पण कामकाजाच्याच दिवशी, शनिवारी-रविवारी वाट बघू नका. ग्रीनलंडसाठी डीएमआय, रशियाच्या किनाऱ्यासाठी सेंट पीटर्सबर्गची एएआरआय ही संशोधन संस्था.

अरुंद खाड्यांमध्ये २५ किलोमीटरचा चौकोन कुचकामी ठरतो, किनाराच त्यात मिसळतो. तिथे हे तक्तेच खरे.

काल एका दिवसात आलेख धाडकन कोसळला. मोठी बातमी आहे का?

तीन-चार दिवस थांबा.

फेब्रुवारी २००९ मध्ये एका उपग्रहाचं उपकरण हळूहळू बिघडत गेलं आणि एनएसआयडीसीच्या आकड्यातून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर बर्फ 'नाहीसा' झाला. बर्फ जागच्या जागीच होता. एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा दुसऱ्या उपग्रहाची एक वाहिनी बिघडली, तेव्हा रोजचे आकडे काही काळ थांबवून वेगळ्या उपग्रहावर जावं लागलं. ताजा आकडा नेहमी कच्चा असतो, नंतर तो दुरुस्त होतो. म्हणून मी तीन गोष्टी बघतो: दुसऱ्या उपकरणाच्या आलेखात घसरण आहे का, वाऱ्यात तिचं कारण दिसतं का, आणि वर्ल्डव्ह्यूवर तिथे पाणी दिसतं का. तिन्ही जुळलं तरच कुणाला सांगायचं.

आकडे उतरवून स्वतः आलेख काढायचेत.

रोजच्या व्याप्तीची सीएसव्ही फाइल एनएसआयडीसीच्या सी आइस इंडेक्समध्ये आहे, साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडते. समुद्रनिहाय आकडेही मिळतात: ब्यूफोर्ट, चुकची, लाप्तेव्ह, कारा, बॅरेंट्स वगैरे. चौकोनवार डेटा नेटसीडीएफ या फाइलप्रकारात असतो. त्यासाठी नासाचं पॅनोप्ली हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं, पायथन ही संगणकभाषा येत असेल तर तिच्यातलं एक्सअ‍ॅरे. काही संचांसाठी नासाच्या अर्थडेटाचं खातं लागतं, तेही मोफत.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो. वर मी प्रत्येक चौकोन ६२५ चौरस किलोमीटरचा म्हटलं ते समजावण्यापुरतं. प्रक्षेपणामुळे प्रत्येक चौकोनाचं खरं क्षेत्रफळ अक्षांशानुसार बदलतं आणि ते ३८० च्या आसपासपासून ६६० च्या आसपासपर्यंत असतं. नुसते चौकोन मोजून ६२५ ने गुणलंत तर उत्तर चुकणार. क्षेत्रफळांची वेगळी फाइल सोबत दिलेली असते, ती वापरा.

मागच्या वर्षांचं हवामान हवं असेल तर युरोपच्या कॉपर्निकस कार्यक्रमाचा ईआरए-५ हा संच. १९४० पासून तासातासाचा वारा, दाब, तापमान. ताजे दिवस साधारण पाच दिवस उशिरा येतात.

१९७८ च्या आधीचं काही मिळतं?

मिळतं, पण विरळ. जहाजांच्या नोंदी, डेन्मार्कचे जुने बर्फनकाशे, विमानांतून केलेली रशियन पाहणी असं जोडून १८५० पासूनचा महिनावार संच तयार केलेला आहे, तो एनएसआयडीसीकडेच आहे. जिथे नोंद नव्हती तिथे अंदाजाने भरलंय, आणि कुठली जागा कशावरून भरली तेही दिलंय. उन्हाळ्याच्या कडांसाठी बरा. हिवाळ्यात मध्य आर्क्टिकला कुणी जातच नव्हतं.

यंदाचा नीचांक कधी जाहीर होतो?

सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आलेख सलग काही दिवस चढला की एनएसआयडीसी तात्पुरती घोषणा करते. २०२५ मध्ये १० सप्टेंबरला सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर होता. त्याच वर्षीचा मार्चमधला उच्चांक, १.४३ कोटी, हा तोवरच्या उपग्रह-नोंदीतला सगळ्यात कमी उच्चांक होता. तरीही सप्टेंबरमध्ये विक्रम झाला नाही. हिवाळ्याच्या शिखरावरून उन्हाळ्याचा तळ सांगता येत नाही, कारण मार्चमधला पुष्कळसा जादा बर्फ ओखोत्स्क, बेरिंग अशा समुद्रांत असतो आणि तो कसाही वितळतोच.

आधीच पैजा लावायच्या असतील तर जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये सी आइस आउटलुकमध्ये संशोधकांच्या गटांचे अंदाज एकत्र येतात. मोठमोठे गटही सपशेल चुकतात. त्याने धीर येतो.

'बर्फमुक्त आर्क्टिक' म्हणजे शून्य बर्फ?

नाही. १० लाख चौरस किलोमीटरपेक्षा कमी व्याप्ती.

हा बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढते का?

जवळजवळ नाही, तो आधीच तरंगतोय. पातळी वाढते ती ग्रीनलंडसारख्या जमिनीवरच्या बर्फाने. हिमनग तिथूनच तुटून येतात, समुद्राच्या गोठलेल्या पाण्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

हे उपग्रह म्हातारे झाले असतील ना?

झालेत. अमेरिकी लष्कराच्या उपग्रहांचा डेटा देणं थांबवणार असं २०२५ च्या जूनमध्ये अचानक जाहीर झालं, मग मुदत वाढली. तेव्हापासून बर्फ बघणाऱ्या सगळ्यांची नजर एएमएसआर-२ वर आहे, आणि तेही २०१२ चं. त्याचा वारस एएमएसआर-३ जून २०२५ मध्ये जपानने सोडला. नवा डोळा आला की जुन्याबरोबर काही महिने तरी एकत्र चालावा लागतो, दोघांतला फरक मोजून मालिका सांधण्यासाठी. जुना आधीच मिटला तर सांधा कच्चा राहतो, ही खरी धाकधूक.

ऑक्टोबर ते मार्च बघण्यासारखं काही असतं का?

माझ्या लेखी तोच चांगला काळ. गर्दी नसते. ऑक्टोबरमध्ये सायबेरियाच्या उत्तरेचा लाप्तेव्ह समुद्र कधी गोठतो ते बघा, डिसेंबरात बॅरेंट्स समुद्रात बर्फाची कड अटलांटिकच्या कोमट पाण्याशी कशी हुज्जत घालते ते बघा. वर्ल्डव्ह्यूवर उष्णतेचा थर लावला की अंधारातही भेगा दिसतात. हवा उणे तीस आणि भेगेतलं पाणी उणे दोन अंशाच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक भेग निखाऱ्याच्या रेषेसारखी उठून दिसते.

फेब्रुवारीत मग साध्या, खऱ्या रंगांच्या चित्रांकडे परत या. ध्रुवाभोवती एक मोठं काळं वर्तुळ असेल, तिथे अजून ऊन पोहोचलेलं नसतं. ते रोज थोडं थोडं आकसतं. मार्च संपत आला की एखाद्या सकाळी बघता आणि ते मिटलेलं असतं.